कार्बनचं घड्याळ आणि एक चुकीचा आकडा: विलार्ड लिबींची गोष्ट

मध्यंतरी मी फोनवर एक फाइल डाउनलोड केली. नाव पासवर्डसारखं विचित्र, पी३के१४सी. आत सुमारे १ लाख ८० हजार ओळी. फोनमधल्या स्प्रेडशीट ॲपनं पाच मिनिटांत हात टेकले, मग मुकाट्यानं लॅपटॉप उघडला. यातली प्रत्येक ओळ म्हणजे जगात कुठेतरी मातीखाली सापडलेल्या एखाद्या वस्तूचं वय. चुलीतला कोळसा, जनावराचं हाड, जळलेला धान्याचा दाणा, असं काहीही. वेगवेगळ्या देशांतल्या संशोधकांच्या याद्या एकत्र करून, दुबार नोंदी काढून, २०२२ मध्ये ही फाइल सगळ्यांसाठी फुकट खुली केली गेली. पुरातत्त्वातला कोणीही, अगदी तुम्ही-आम्हीही, ती उतरवून घेऊ शकतो.

रकाने पाहिले. प्रयोगशाळेचा क्रमांक, वय, वयातली संभाव्य चूक, पदार्थ कोणता, जागा कोणती, अक्षांश-रेखांश, मूळ माहिती कुठे छापली. सगळं नीट. पण एक रकाना शोधूनही सापडेना: इसवी सनातली तारीख. अरे, तारखांचा डेटाबेस आणि त्यात तारीखच नाही?

त्याचं उत्तर शोधता शोधता मी एका माणसाच्या चरित्रात शिरलो. विलार्ड फ्रँक लिबी. कार्बन-१४ वापरून जुन्या वस्तूंचं वय काढायची पद्धत यांची, १९६० चं रसायनशास्त्राचं नोबेल यांना. शाळेच्या पुस्तकात एवढंच असतं. बाकीचं जास्त इंटरेस्टिंग आहे, आणि सगळंच काही कौतुकाचं नाही.

सफरचंदाची बाग आणि घरी बनवलेलं यंत्र

लिबींचा जन्म १७ डिसेंबर १९०८ चा, अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये ग्रँड व्हॅली नावाच्या छोट्या गावात. घर शेतकऱ्याचं. ते लहान असतानाच कुटुंब कॅलिफोर्नियात आलं आणि सफरचंदाची बाग करू लागलं. पोरगा धिप्पाड, शाळेत फुटबॉल खेळणारा. पुढे सगळे त्यांना वाइल्ड बिल म्हणायचे. कॉलेजच्या पैशांसाठी त्यांनी फळांच्या लाकडी पेट्या ठोकून कमाई केली. हातानं वस्तू बनवायची ती सवय पुढे फार कामाला आली.

१९२७ मध्ये बर्कलेला प्रवेश, १९३१ मध्ये पदवी, १९३३ मध्ये डॉक्टरेट. त्या काळात किरणोत्सार मोजायचं यंत्र दुकानात मिळत नव्हतं. लिबींनी स्वतःच गायगर काउंटर बनवला, अमेरिकेतल्या अगदी पहिल्या काहींपैकी एक. ज्या पदार्थांतून इतका कमी किरणोत्सार बाहेर पडतो की कोणाच्या लक्षातही येत नाही, असे पदार्थ मोजायचा त्यांना नाद होता. हे ध्यानात ठेवा. पुढचं सगळं याच नादावर उभं आहे.

मग महायुद्ध आलं. लिबी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात हॅरॉल्ड युरी यांच्याबरोबर मॅनहॅटन प्रकल्पात दाखल झाले, म्हणजे अणुबॉम्बच्या कामात. युरेनियम वायूच्या रूपात बारीक छिद्रांच्या पडद्यातून गाळून हवा तो भाग वेगळा काढायचा, त्या तंत्रावर त्यांनी काम केलं. युद्ध संपल्यावर, १९४५ मध्ये, ते शिकागो विद्यापीठात आले. वय ३६.

गटारातला वायू

आता थोडं विज्ञान. लांबण लावत नाही.

अवकाशातून येणारे किरण वातावरणाच्या वरच्या थरात आदळतात आणि तिथे न्यूट्रॉन सुटतात. असा न्यूट्रॉन नायट्रोजनच्या अणूला धडकला की त्याचा कार्बन-१४ होतो. हा कार्बन किरणोत्सारी असतो, म्हणजे हळूहळू मोडत जातो. तो ऑक्सिजनशी जुळून कार्बन डायऑक्साइड होतो, झाडं तो घेतात, झाडं गुरं खातात, आपण दोन्ही खातो. म्हणून प्रत्येक जिवंत गोष्टीत तो असतो, पण अगदी चिमूटभर: साधारण एक लाख कोटी कार्बन अणूंमागे एखादा.

जिवंत आहोत तोवर भर पडत राहते. मेलं की भर बंद. चार्जर काढलेल्या फोनसारखं समजा. फरक एवढाच की ही बॅटरी सरळ रेषेत उतरत नाही. ठरावीक काळात निम्मी होते, पुढच्या तेवढ्याच काळात उरलेल्याच्या निम्मी, असं चालू राहतं. किती टक्के उरलंय ते कळलं की चार्जर कधी काढला ते सांगता येतं.

कार्बन-१४ लिबींनी शोधलेला नाही, हा गैरसमज बऱ्याच ठिकाणी दिसतो. तो १९४० मध्ये मार्टिन केमन आणि सॅम रुबेन यांनी बर्कलेतच तयार करून दाखवला होता. वातावरणाच्या वरच्या भागात न्यूट्रॉन आहेत हे सर्ज कोर्फ यांनी त्याआधी मोजलं होतं. लिबींनी हे दोन तुकडे जोडले. हे खरं असेल तर हवेत कार्बन-१४ सतत तयार होतोय, आणि मग प्रत्येक मेलेल्या वस्तूत एक घड्याळ आहे. १९४६ मध्ये त्यांनी हवेतल्या कार्बन-१४ बद्दलचा निबंध छापला. पण वय काढण्याचा खरा बेत त्यांनी बराच काळ पोटात ठेवला. इतक्या वेड्या कल्पनेला कोण पैसे देणार, आणि कोण विद्यार्थी त्यावर आपली डॉक्टरेट पणाला लावणार, ही भीती.

पहिला पुरावा कुठून मिळाला माहितीये? बाल्टिमोर शहराच्या मैलापाण्यातून. सांडपाणी कुजताना मिथेन वायू निघतो, आपल्या गोबरगॅससारखाच. हा मिथेन काल-परवा जिवंत असलेल्या गोष्टींचा, म्हणून त्यात कार्बन-१४ असायला हवा. खनिज तेलातून निघणारा मिथेन कोट्यवधी वर्षं जुना, म्हणून त्यात काहीच नसायला हवं. दोन्ही मोजले. मैलापाण्याच्या वायूत सापडला, तेलाच्या वायूत नाही. १९४७ मध्ये हा निकाल छापून आला. मला हा प्रयोग फार आवडतो. गटार आणि तेलविहीर यांच्या तुलनेवर इतिहासाची कालगणना उभी राहिली.

आठ इंच लोखंड

अडचण मोजणीची होती. नमुन्यातून मिनिटाला जेमतेम काही ठोके येणार, आणि आजूबाजूच्या भिंती, जमीन, आकाश यांच्यातून काउंटरला मिनिटाला सुमारे ६०० ठोके ऐकू येणार. लग्नाच्या बँडशेजारी उभं राहून कोणाच्या हातातल्या घड्याळाची टिकटिक मोजण्यासारखं झालं हे.

लिबींनी काउंटरभोवती आठ इंच जाडीची लोखंडी भिंत उभी केली. ६०० चे १०० झाले. तरीही आकाशातून येणारे काही कण लोखंडालाही जुमानत नव्हते. मग त्यांनी मधल्या काउंटरभोवती इतर काउंटरचं कडं बसवलं. बाहेरचा कण आत येताना कड्यातून जाणार, म्हणजे कड्यातला आणि मधला असे दोन्ही एकदम वाजणार. दोन्ही वाजले तर तो ठोका मोजायचा नाही. फक्त मधला वाजला तरच मोजायचा. १०० चे पाचच्या आसपास आले. तुमच्या इअरबड्समधलं नॉइज कॅन्सलिंग बाहेरचा आवाज आधी ऐकतं आणि मग वजा करतं. तंत्र वेगळं, पण डोकं तेच.

नमुना जाळून त्यातला कार्बन काजळीच्या रूपात काढायचा आणि नळीच्या आतल्या बाजूला लेपासारखा लावायचा. नमुन्यातलं नेमकं तेवढं लाकूड किंवा कोळसा कायमचा संपणार. त्यामुळे संग्रहालयांकडून वस्तू मागणं म्हणजे एखाद्या आजीकडे तिचं जुनं पातळ फाडायला मागणं.

बरोबर दोन तरुण होते. अर्नेस्ट अँडरसन यांनी जगातल्या वेगवेगळ्या भागांतली आजची लाकडं मोजली आणि सगळीकडे प्रमाण जवळपास सारखं असल्याचं दाखवलं. जेम्स अर्नोल्ड १९४८ च्या सुमारास जुन्या वस्तूंकडे वळले. त्यांच्या वडिलांना इजिप्तच्या इतिहासाचा छंद होता, आणि त्या ओळखीतून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमकडून एक लाकूड आलं. फारो झोसर याच्या थडग्यातलं. त्याला नंबर दिला सी-१. सी म्हणजे शिकागो.

इथे थांबा. या नंबरकडे नीट बघा, कारण माझ्या मते या गोष्टीतला हा मोठा शोध आहे, भले त्याला नोबेल मिळत नसेल.

सी-१ चं मोजलेलं वय इतिहासकारांना माहीत असलेल्या वयापेक्षा काही शतकं कमी भरलं. लिबींनी ते लपवलं नाही. नंबरासह, त्रुटीसह छापलं. १९४९ च्या डिसेंबरमध्ये सायन्स या साप्ताहिकात अर्नोल्ड आणि लिबी यांचा निबंध आला, त्यात वय आधीच माहीत असलेल्या वस्तू होत्या: इजिप्तची लाकडं, एका प्रचंड रेडवूड झाडाचा गाभा, शिकागोच्या फील्ड म्युझियममधल्या सेसोस्ट्रिस राजाच्या नौकेची फळी. बहुतेक ठिपके अपेक्षित वक्राजवळ बसले. पद्धत चालत होती. मग अमेरिकेतल्या मानवशास्त्रज्ञांच्या आणि भूशास्त्रज्ञांच्या संघटनांनी फ्रेडरिक जॉन्सन यांच्या पुढाकारात एक समिती नेमली, ती कोणत्या वस्तू मोजायला पाठवायच्या ते ठरवू लागली. १९५१ मध्ये याद्या छापल्या गेल्या, १९५२ मध्ये पुस्तक आलं. लास्को गुहेतला कोळसा सी-४०६, वय १५,५१६, त्रुटी अधिक-उणे ९००. स्टोनहेंजचा कोळसा सी-६०२, वय ३,७९८, त्रुटी अधिक-उणे २७५.

त्या याद्यांनी धक्केही दिले. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या टू क्रीक्स इथे हिमयुगाच्या शेवटी बर्फाखाली गाडल्या गेलेल्या जंगलाचं वय तोवर सुमारे २५,००० वर्षं समजलं जात होतं. कार्बननं ते ११,४०० च्या आसपास आणलं. म्हणजे हिमयुग निम्म्याहून जास्त जवळ आलं. बऱ्याच अभ्यासकांना हे पचलं नाही. ज्यांनी आयुष्यभर मडक्यांच्या घाटावरून कालक्रम लावला होता, त्यांना एका रसायनशास्त्रज्ञानं नळीतल्या ठोक्यांवरून शहाणपण शिकवावं, हे त्यांना कसं रुचणार?

पण भांडता येत होतं, हे महत्त्वाचं. नंबर होता, वय होतं, त्रुटी होती, नमुना कोणी दिला हे होतं. कोणाला शंका आली तर नेमकं बोट ठेवायला जागा होती.

आठ हजार तेहतीस

आता मूळ प्रश्नाकडे. तारखांच्या फाइलमध्ये तारीख का नाही?

कार्बन-१४ निम्मा व्हायला किती वर्षं लागतात, याला अर्धायुष्य म्हणतात. लिबींच्या गटानं उपलब्ध मोजण्यांवरून ते ५,५६८ वर्षं धरलं. पुढे जास्त काळजीपूर्वक मोजलं तेव्हा ते ५,७३० च्या आसपास निघालं. म्हणजे लिबींचा आकडा जवळपास ३ टक्क्यांनी चुकीचा. तोवर जगभर अनेक प्रयोगशाळा सुरू झाल्या होत्या आणि हजारो वयं जुन्या आकड्यानं छापली गेली होती.

१९६२ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिजला या क्षेत्रातले लोक जमले आणि त्यांनी एक निर्णय घेतला. नवा आकडा जास्त बरोबर आहे हे मान्य. पण वयं छापताना लिबींचा जुना, चुकीचा आकडाच वापरत राहायचं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा आळशीपणा वाटला. ज्यांनी कधी ॲप अपडेट झाल्यावर जुना डेटा उडालेला पाहिलाय, त्यांच्या मात्र लगेच लक्षात येईल. काही प्रयोगशाळा नव्या आकड्यानं छापणार, काही जुन्या, काही सांगणारच नाहीत कोणत्या. दहा वर्षांनी दोन वयं शेजारी ठेवली तर फरक खरा की आकड्याचा, हे कोणालाच कळणार नाही. सगळ्यांनी एकच चूक केली तर मात्र ती चूक नंतर एका झटक्यात सुधारता येते. म्हणून आजही जगातली प्रत्येक प्रयोगशाळा वय काढताना लिबींच्या अर्धायुष्यातून आलेला ८,०३३ हा आकडा वापरते. कार्बन-१४ चं उरलेलं प्रमाण घ्यायचं, त्याचा लॉग काढायचा, उणे ८,०३३ नं गुणायचं. हे झालं रेडिओकार्बन वय. ते आजपासून नाही, १९५० सालापासून मागे मोजतात. त्यालाच बीपी म्हणतात, आणि नाही, त्याचा रक्तदाबाशी संबंध नाही.

दुसरी चूक जास्त खोल होती. हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण हजारो वर्षं तेच राहिलं, असं लिबींनी गृहीत धरलं होतं. ते तसं नव्हतं. पृथ्वीचं चुंबकत्व आणि सूर्य यांच्यामुळे ते वर-खाली होत होतं. हॉलंडच्या हेसल द व्रीस यांनी १९५८ मध्ये हे दाखवलं. सी-१ सारखी इजिप्तची वयं कमी का भरतात, याचं कारण यातच होतं. पण लिबी सहजासहजी मानायला तयार नव्हते. १९६३ मध्येसुद्धा त्यांचा कल असा होता की इजिप्तच्या इतिहासकारांचीच कालगणना कदाचित चुकली असावी. इथे लिबी चुकले. हान्स स्यूस यांनी कॅलिफोर्नियातल्या हजारो वर्षं जगणाऱ्या ब्रिसलकोन पाइन झाडांच्या एकेक मोजलेल्या वर्तुळांतला कार्बन तपासला, तेव्हा वाद मिटला. झाडाचं वर्तुळ खोटं बोलत नाही, दरवर्षी एकच.

म्हणून आज दोन पायऱ्या असतात. आधी लिबींच्या पद्धतीनं रेडिओकार्बन वय. मग ते झाडांच्या वर्तुळांवरून, गुहेतल्या चुनखडीवरून, तळ्यांतल्या गाळावरून बनवलेल्या वक्रावर ठेवून खऱ्या कॅलेंडरमध्ये बदलायचं. याला कॅलिब्रेशन म्हणतात. २०२० चा वक्र ५५,००० वर्षांपर्यंत मागे जातो. काही वर्षांनी आणखी चांगला येईल, तेव्हा जुन्या सगळ्या तारखा पुन्हा बदलतील. फाइलमध्ये इसवी सन का नाही, ते आता कळलं असेल. तिथे फक्त कधीही न बदलणारा भाग ठेवलाय. बदलणारा भाग ज्यानं-त्यानं त्या वेळच्या वक्रानं काढायचा. ऑक्सकॅल नावाचं सॉफ्टवेअर हे ब्राउझरमध्येच करून देतं.

याचा परिणाम मोठा होता. कॅलिब्रेशन आल्यावर पश्चिम युरोपातली मोठमोठ्या दगडांची थडगी पिरॅमिडपेक्षा जुनी निघाली. तोवर समज असा होता की ही कल्पना पूर्वेकडून तिकडे गेली. अख्खी थिअरी कोसळली, आणि त्यासाठी प्रत्येक जागी पुन्हा खोदायची गरज पडली नाही. यादीतले जुने आकडे होतेच.

दुसरी यादी

इथवर लिबी छान वाटतात. आता ते पान, जे मला वाचताना जड गेलं.

१९५४ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी लिबींना अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगावर नेमलं. १९५९ पर्यंत ते तिथे होते. तो काळ हवेत अणुबॉम्ब फोडून चाचण्या करण्याचा. त्या धुरळ्यातलं स्ट्रॉन्शियम-९० गवतातून गाईत, दुधातून माणसात आणि तिथून हाडांत जाऊन बसतं. किती बसतंय ते मोजायला १९५३ मध्ये एक गुप्त प्रकल्प सुरू झाला होता, प्रोजेक्ट सनशाइन. लिबी त्याच्या प्रमुख चालकांपैकी एक. प्रश्न अगदी योग्य होता, आणि अत्यंत कमी किरणोत्सार मोजण्यात त्यांच्याइतका तयार माणूस दुसरा कोण?

पण मोजायला माणसाची हाडं हवी होती, आणि वाढत्या वयात हाडं स्ट्रॉन्शियम जास्त घेतात, म्हणून लहान मुलांची जास्त. जगभरातून मेलेल्या अर्भकांची हाडं मिळवली गेली. शिकागोच्या सुरुवातीच्या यादीत भारतातून आलेले नमुनेही होते. नमुने मागताना खरा हेतू लपवला गेला, नैसर्गिक किरणोत्साराचा अभ्यास असल्याचं सांगितलं गेलं. अनेक कुटुंबांना काहीच कळवलं नाही. १९५५ च्या एका बंद बैठकीत लिबींनी मुलांचे नमुने कमी पडत असल्याची चिंता बोलून दाखवली आणि ते मिळवायच्या वाटा शोधायला सांगितलं. हे सगळं १९९५ मध्ये अमेरिकी सरकारनंच नेमलेल्या समितीनं कागदपत्रं खुली केल्यावर जगासमोर आलं. तोवर लिबी हयात नव्हते.

एकाच माणसाच्या दोन याद्या. पहिलीत कोळशाचा तुकडा कोणी दिला, कुठल्या थरातून आला, सगळं छापलेलं. दुसरीत मूल कोणाचं, आई-बापांना विचारलं का, यासाठी रकानाच नाही. स्ट्रॉन्शियमचे काही निष्कर्ष लिबींनी १९५६ पासून जाहीर भाषणांतून मांडले, हेही सांगायला हवं. पण आकडा उघड करणं आणि तो कसा मिळवला ते उघड करणं, या वेगळ्या गोष्टी आहेत.

धुरळ्याचा धोका थोडा आहे आणि चाचण्या देशासाठी गरजेच्या आहेत, ही त्यांची भूमिका कायम राहिली. लायनस पॉलिंग यांनी उलट बाजूनं हजारो शास्त्रज्ञांच्या सह्या गोळा केल्या. १९६३ मध्ये हवेतल्या चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला. तोवर बॉम्बनी उत्तर गोलार्धातल्या हवेत कार्बन-१४ चं प्रमाण जवळपास दुप्पट केलं होतं. लिबींच्या घड्याळाची शून्याची खूण १९५० वर अडकवून ठेवली आहे, आणि त्यानंतरची हवा माणसानंच बिघडवली. बिघडवणाऱ्यांच्या बाजूला ते स्वतः बसले होते.

१९६१ मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसच्या घरामागे जुने रेल्वे स्लीपर आणि मातीची पोती वापरून स्वस्तातलं बॉम्बपासून बचावाचं तळघर बांधलं, सामान्य माणसालाही हे जमतं हे दाखवायला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बेल एअर भागात वणवा लागला आणि ते तळघर जळालं. वर्तमानपत्रांना आयतीच बातमी मिळाली.

नंतरची वर्षं लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात गेली. तिथे त्यांनी पर्यावरण अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम सुरू करायला मदत केली. १९६६ मध्ये पहिलं लग्न मोडलं, मग लिओना वूड्स यांच्याशी लग्न झालं, ज्या जगातल्या पहिल्या अणुभट्टीच्या गटातल्या एकमेव स्त्री होत्या. ज्या झाडांच्या वर्तुळांनी लिबींचं गृहीतक मोडलं, त्याच वर्तुळांवरून जुनं हवामान काढायचं काम उतारवयात दोघांनी केलं. ८ सप्टेंबर १९८० ला लिबी गेले.

जोर्वेची मडकी कुठे आहेत?

लिबींच्या आधी सात दिवस, १० डिसेंबर १९०८ ला, मुंबईत हसमुख सांकळिया जन्मले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी महाराष्ट्राच्या पुरातत्त्वाचा पाया घातला. जोर्वे, नेवासे, नर्मदेकाठचं नवदाटोली इथे तांबं वापरणाऱ्या शेतकऱ्यांच्या वस्त्या सापडल्या, पण त्या नेमक्या किती जुन्या हे मडक्यांच्या रंगावरून आणि नक्षीवरून ताडावं लागत होतं. नवदाटोलीचा कोळसा अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पाठवला गेला. साठच्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपली स्वतःची कार्बन प्रयोगशाळा उभी राहिली. तिच्या नोंदींचा नंबर टीएफ नं सुरू होतो. पुढे ते काम अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत गेलं, तिथे नंबर पीआरएल. शिरूरजवळच्या इनामगावचा कालक्रम लावताना या नंबरांचा आधार झाला.

टीएफच्या याद्या रेडिओकार्बन नावाच्या नियतकालिकात छापल्या गेल्या. ते १९५९ पासून याच कामासाठी निघालं. आधी छापील यादी, मग छिद्रं पाडलेली कार्डं, मग कॅनडात रिचर्ड मॉर्लन यांनी सुरू केलेला कार्ड हा डेटाबेस, मग आजच्या खुल्या फाइली, असा हा प्रवास. भारतीय उपखंडाच्या तारखा ग्रेगरी पोसेल यांनी १९९४ मध्ये एकत्र केल्या होत्या. तरी जागतिक फाइलींमध्ये युरोप आणि उत्तर अमेरिकेवर ठिपक्यांची गर्दी, आणि आपल्याकडे विरळ. इथे जुनं काही नाही म्हणून नव्हे. अनेक नोंदी अजून स्कॅन केलेल्या पानांत आणि उत्खननाच्या अहवालांत पडून आहेत, टाइप करायला कोणी बसलेलं नाही. नकाशा पाहणाऱ्याला मात्र रिकामी जागा म्हणजे माणसं नव्हती असंच वाटतं.

अक्षांश-रेखांशांबद्दलही एक गंमत. अमेरिकेतल्या जागांचे ठिपके मुद्दाम ढोबळ केलेले असतात, म्हणजे जिल्हा कळतो, नेमकी जागा नाही. नाहीतर फोनवर मॅप लावून, कुदळ घेऊन चोर तिथे पोचतील. खुलं म्हणजे सगळंच उघडं टाकणं नव्हे, हे इथे कोणीतरी विचार करून ठरवलंय.

शेवटी मी सी-६०२, स्टोनहेंजचा तो कोळसा, ऑक्सकॅलमध्ये घातला. लिबींच्या काळात लोक ३,७९८ मधून १,९५० वजा करून इ.स.पू. १८४८ म्हणायचे. आजच्या वक्रावर, ती मोठी त्रुटी धरून, उत्तर साधारण इ.स.पू. ३००० ते १५०० एवढ्या रुंद पट्ट्यात पसरतं. आजचे संशोधक अशा फाइलवर काम करताना आधी मोठ्या त्रुटीच्या ओळी गाळून टाकतात. कोणी २०० ची मर्यादा लावली, तर सी-६०२ आणि सी-१ दोन्ही पहिल्याच फिल्टरमध्ये बाहेर पडतात.